धारेच्या मागावर

पुण्यात सुतार हवा म्हटलं की सोसायटीच्या वॉचमनपासून रंगाच्या दुकानदारापर्यंत जो तो एक फोन नंबर काढून देतो. त्या नंबरांवरची माणसं कामाला चोख असतात. छोट्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये आठ बाय चारची प्लायची शीट उभी करून पंधरा-वीस दिवसांत ओटा, कपाटं आणि टीव्ही युनिट बसवून देणं हे येरागबाळ्याचं काम नाही. हँड कटर, नेलगन, सनमायका आणि फेव्हिकॉल यांवर त्यांचा हात बसलेला असतो. पण त्यांच्या पिशवीत डोकावलं तर रंधा एखादाच, त्याचं पातं बोथट, आणि पटाशी असलीच तर रंगाचा डबा उघडायला. यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. प्लायचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात. पावसाळ्यात ते रुंदीला फुगत नाहीत की उन्हाळ्यात आक्रसत नाहीत. ज्याला लाकडाची मर्जी सांभाळावी लागत नाही, त्याने पटाशीला धार लावत बसायचं कशाला?

मी बरीच वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दारा-खिडक्यांचे, जिन्यांचे, कपाटांचे नकाशे काढले. सांधा कागदावर अर्ध्या मिनिटात काढता येतो. तो हाताने, विजेचं यंत्र न लावता करता यावा, एवढंच माझ्या मनात होतं. त्यासाठी तीन गोष्टी हव्या होत्या: शिकवणारं माणूस, नीट वाळलेलं लाकूड आणि हत्यारं. हे तीन वेगवेगळे शोध आहेत असं धरून मी निघाले.

पहिल्यांदा अर्थातच कामावर येणाऱ्या मिस्त्रींनाच विचारलं. आमच्या साईटवर राजस्थानचे एक वयस्क मिस्त्री होते. ते हसले. ‘‘मॅडम, लकडी का काम तो गाँव में छोड के आये. यहाँ सब प्लाय है.’’ पण दुपारच्या सुट्टीत त्यांनी एक चाप्याचा तुकडा घेतला, जमिनीवर बसले, तुकडा दोन्ही पायांच्या तळव्यांत धरला आणि वाकस चालवायला लागले. पाय हाच त्यांचा शिकंजा. तुकडा फिरवायचा तर अंगठा किंचित सैल करायचा, बस्स. लाकूडकामाच्या पुस्तकांतलं पहिलं प्रकरण जाडजूड टेबल कसं बनवावं यावर असतं. त्या टेबलाशिवाय काही करताच येत नाही अशी माझी समजूत झाली होती, ती तिथे गेली. आपल्याकडची जुनी करवतसुद्धा ओढताना कापते, बसून काम करणाऱ्याला तेच सोयीचं. मात्र ते मिस्त्री पुढच्या महिन्यात दुसऱ्या साईटवर गेले आणि माझी शिकवणी तिथेच संपली.

मग क्लास. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स असतो. तो रोज हजेरी लावू शकणाऱ्या पोरांसाठी आहे आणि तसाच असावा. बंगळूरला केंद्र सरकारची काष्ठविज्ञानाची संस्था आहे, तिथे लाकूडकामाचं प्रशिक्षण मिळतं, लाकडाच्या जाती भिंगाखाली ओळखायला शिकायचं तर त्याहून चांगली जागा नाही. पुण्याजवळ पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत शिकण्याची तिथली रीत मला मनापासून पटते, पण तिथला निवासी अभ्यासक्रम गावाकडच्या मुलामुलींना पायावर उभं करण्यासाठी आहे, चाळिशी उलटलेल्या बाईच्या हौसेसाठी नव्हे. राहिले शहरांतले शनिवार-रविवारचे स्टुडिओ. त्यातल्या एका ठिकाणी मी गेले. छान एप्रन दिला, कॉफी दिली, आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात एक चीज कापायची फळी देऊन पाठवलं. फळ्या आधीच मशीनवर रंधून ठेवलेल्या होत्या. आम्ही कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि तेल लावलं. फी बघता ती फळी सोन्याच्या भावाची झाली.

त्यानंतर मी ‘सुतार कुठे मिळेल’ हे विचारणं सोडलं आणि दुसरंच विचारायला लागले. आज असा कोणता धंदा आहे की ज्यात धारदार हत्याराशिवाय पोट भरत नाही? असं विचारल्यावर उत्तरं भराभर यायला लागली. तंबोरा करणारे. बैलगाडी करणारे. पोळपाट-लाटणी कातणारे. सावंतवाडीचे खेळणी करणारे, ते पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरतात. आणि ज्यांचं नावही मला कधी सुचलं नसतं, ते म्हणजे फौंड्रीचे पॅटर्नमेकर.

आमच्या ऑफिसातल्या एका सर्व्हेअरचे सासरे चिंचवडला राहतात. या काकांची सगळी नोकरी पॅटर्न शॉपमध्ये झाली. ओतकामात वाळूचा साचा करतात, त्या साच्याला आकार द्यायला आधी तीच वस्तू लाकडात करावी लागते. तो पॅटर्न. पंपाचं कवच असो, गिअरबॉक्स असो, लोखंडात जायच्या आधी ती सागवानात झालेली असते. आता ओतीव लोखंड थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण एक सूत. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी निराळी असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेलं असतं, पण तुमच्या-माझ्या पट्टीशेजारी ठेवली तर ती एक सूत लांब भरते. पितळेसाठी दुसरी पट्टी, ती फुटामागे दीड सूत लांब. काकांनी त्या पट्ट्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत आणि नातवंडांना हात लावू देत नाहीत, कारण कोणी शाळेत नेली तर भूमितीचे सगळे मार्क जायचे. शिवाय पॅटर्न वाळूतून वर उचलताना साच्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला नजरेला न दिसणारा ढाळ द्यायचा. इतक्या बारकाईचं लाकूडकाम पिंपरी-चिंचवडच्या आणि कोल्हापूरच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं आणि आम्ही फर्निचरवाले त्यापासून अनभिज्ञ. त्या कामाला कोणी कला म्हटलं नाही, कारण ते शेवटी वाळूत गाडलं जायचं.

काकांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि लगेच ‘तू’ वर आले. ‘‘शिकवायचं म्हणजे काय, तू इथे बस आणि धार लाव.’’ कित्येक रविवार मी फक्त धार लावली. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू. ती दगडावर घासायची, टोकाजवळचा बोटभर भाग असा झाला पाहिजे की त्यात स्वतःचा डोळा दिसावा. नवीन पटाशीची पाठ कधीच सपाट नसते. मग उतार. साणेवर तो पंचवीस अंशांवर काढायचा आणि दगडावर टोकाची बारीक कड तिसाच्या आसपास. अंश काका मोजत नाहीत. पटाशी उतारावर दगडाला टेकवायची, उतार पूर्ण टेकला की हाताला कळतं, आणि मग मनगट केसभर उचलायचं. दगडावर थेंबभर तेल. काही वेळाने पाठीकडून अंगठा आडवा फिरवला की कडेला पोलादाची बारीक किनार लागते, तिला बर म्हणतात. बर पूर्ण रुंदीवर आली तरच ती बाजू झाली. मग पाठीकडून एकदा, उताराकडून एकदा असं करत ती झडू द्यायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचं.

धार लागली की नाही हे बघायला लोक हातावरचे केस काढून दाखवतात. काकांना तो तमाशा वाटतो. त्यांची परीक्षा वेगळी. मऊ पाइनच्या तुकड्याचं टोक, जिथे धागे आडवे छाटले जातात तिथून पटाशीने नुसत्या हाताच्या दाबाने एक पापुद्रा काढायचा. खाली राहिलेलं लाकूड गुळगुळीत आणि किंचित चमकदार दिसलं तर धार आहे. पांढरे ठिपके दिसले, म्हणजे धागे कापले न जाता चिरडले गेले. कडक सागावर बोथट पटाशीही बरी दिसते, मऊ लाकूड मात्र चुगली करतं.

त्यानंतर ठोकळा. एक वीतभर लांबीचा वेडावाकडा तुकडा घेऊन सहाही बाजू एकमेकींशी काटकोनात आणायच्या. एक बाजू सपाट केली की ती ‘तोंड’, तिच्यावर पेन्सिलीने खूण. तिच्याशी काटकोनात दुसरी. मग खतकसने जाडी आखून तिसरी, रुंदी आखून चौथी, शेवटी दोन्ही टोकं. गुण्या लावून ठोकळा खिडकीकडे धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेड आला की परत. माझा ठोकळा दर रविवारी लहान होत गेला. काका त्याबद्दल काही बोलायचे नाहीत. काकूच एकदा चहा देताना म्हणाल्या, ‘‘आता फासे करून दे गं त्याचे, सारीपाट तरी खेळू.’’

लाकडाचा शोध मी समांतरच चालू ठेवला होता. पुण्याचं टिंबर मार्केट भवानी पेठेत आहे. व्यापारी बहुतेक कच्छी पटेल, बोलायला मधाळ आणि हिशेबाला पक्के. तिथला पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘बेन, किती दरवाजे?’’ दरवाजा नाही, एका छोट्या स्टुलापुरतं लाकूड हवंय म्हटल्यावर चेहऱ्यावरचं स्मित तसंच राहतं, फक्त नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाते. बाई एकटी आली आहे हेही त्यात असतंच. ‘मालक नाही आले?’ हा प्रश्न मला निदान अर्ध्या मार्केटने विचारला असेल.

तिथे टिकायचं तर हिशेब तोंडपाठ पाहिजे. कापलेलं लाकूड घनफुटावर मिळतं. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. हे तुम्ही कॅल्क्युलेटर न काढता बोललात की दुकानदार खुर्चीतून थोडा पुढे सरकतो. गोल ओंडक्याचं गणित निराळं. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात, आणि त्या पद्धतीत कापताना जाणारी साल-सालपटं आधीच धरलेली असतात. आपल्याला ओंडका घ्यायचा नसला तरी हे माहीत असावं, कारण भाव सांगताना कधी कधी दोन्ही मापं सोयीस्करपणे एक होतात.

सागाची नावं म्हणजे एक स्वतंत्र भूगोल. बलारशा, सीपी, डांग, घाना, आणि सगळ्यांच्या वर बर्मा. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात 2014 साली बंद केली, तरी ‘अस्सल बर्मा’ कुठल्याच दुकानात कधी संपत नाही. मी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता फळीच्या टोकाकडे बघायला शिकले. वर्तुळं किती दाट आहेत, गाभा किती आणि कडेचा पांढरा भाग किती, टोकाला भेगा आहेत का. लागवडीतला कोवळा साग आणि जुन्या जंगलातला साग यांतला फरक तिथे लपत नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला आपणच दुय्यम समजतो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 साली तो बल्लारशाहूनच गेला, तेव्हा मार्केटमध्ये त्याचा भाव दोन दिवसांत वधारला असं मला एकाने अभिमानाने सांगितलं. खरं-खोटं तो जाणे.

माझा रस्ता मात्र सापडला तो जुन्या लाकडाच्या गाळ्यांत. पेठांतले वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया, कड्या, चौकटी इथे येऊन पडतात. कडीपाटाच्या छताची कडी म्हणजे चार-पाच इंच चौरस, आठ-नऊ फूट लांब, आणि दीड-दोन पिढ्यांच्या चुलीच्या धुराने काळी पडलेली. बाहेरून बघून कोणी हात लावणार नाही. रंध्याचे दोन हात मारले की आतून मधाच्या रंगाचा साग निघतो आणि सबंध खोलीत वास भरतो. हे लाकूड इतके पावसाळे-उन्हाळे खाऊन बसलेलं असतं की त्याला आता वाकायचं-पिळायचं राहिलेलं नसतं. गोम एकच, खिळे. म्हणून पर्समध्ये लोहचुंबक ठेवायचा, फळीवरून फिरवायचा आणि जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करायची. तुटलेला खिळा लाकडात इंचभर खोल गेलेला असतो, तो रंध्याच्या पात्याला कायमची खाच पाडतो. चुंबक बघून गाळेवाल्याने मला ‘बेन’ वरून ‘मिस्त्री’ वर आणलं. आता तो लांडे तुकडे बाजूला काढून ठेवतो. दारवाल्याला ते निरुपयोगी, मला चालतात. भाव तरीही दर वेळी घासाघीस करूनच ठरतो.

सागच पाहिजे असा हट्टही हळूहळू गेला. सासवड-शिरूरकडच्या वखारींत बाभूळ, शिवण, आंबा, कडुनिंब येतो. शिवण हाताच्या हत्यारांना फार गुणाची आहे, हलकी, पटाशीला साथ देणारी. बाभूळ दणकट, रंध्याच्या घोड्याला आणि पटाशीच्या मुठीला तिच्यासारखं लाकूड नाही. अडचण एवढीच की ती ओली मिळते. टोकांना रंग फासून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवायची. जाडीच्या इंचामागे वर्ष धरायचं. पुण्याची हवा एप्रिल-मेमध्ये हाडं वाळवते आणि जुलैत भिंतींना घाम आणते, तेवढ्यात रुंद फळी एखाद सूत हलतेच. म्हणून दाराची मधली फळी चौकटीच्या खोबणीत सैल ठेवतात, चिकटवत नाहीत. हा तपशील मी ऑफिसात शेकडो वेळा काढला होता. खोबणीत एक सूत जागा का सोडायची हे मला काकांच्या गॅलरीत, एकाच फळीला मे आणि ऑगस्टमध्ये पट्टी लावल्यावर कळलं.

हत्यारं सगळ्यांत आधी मिळतील असं वाटलं होतं. बोहरी आळीत रंधे मिळतात, पण नव्या रंध्याचा तळ घासून सपाट करण्यात एक आठवडा जातो. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशीब लागतं. गंजलेल्या स्पॅनरच्या ढिगात एखादी शेफील्डचा शिक्का असलेली पटाशी निघते, मूठ फुटलेली, पण पोलाद असं की एकदा लावलेली धार दिवसभर टिकते. विकणाऱ्याला तिची किंमत माहीत नसते असं समजू नये, तो तुमच्या डोळ्यांतली चमक बघून ती ठरवतो. आणि घिसाडी लोहार. हडपसरच्या पुढे रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका कुटुंबाकडून मी मोटारीच्या कमानपट्ट्याची एक जाड पटाशी करून घेतली. भाता बाई चालवत होती, घणही तीच मारत होती. पाणी देताना तिने नवऱ्याला दोनदा थांबवलं, ‘‘अजून रंग आला नाय, थांब की.’’ रंग गव्हाळ झाल्यावर तिने मान हलवली. ती पटाशी दिसायला ओबडधोबड आहे, आणि बाभळीत भोक पाडताना मी दुसरी कुठलीही घेत नाही.

मिरजेला गेले ती काकांच्याच सांगण्यावरून. सतारमेकर गल्लीत दाराशी भोपळे टांगलेले, आत तूण लाकडाच्या दांड्या. एकोणिसाव्या शतकात ज्या घराण्याने हे काम तिथे सुरू केलं ते मूळचे शिकलगार, तलवारी-भाले पाजळणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, पाजळायला शस्त्रं राहिली नाहीत, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं हातात घेतली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद भिंतीवर होता. मी मात्र त्यांच्या हत्यारांकडे बघत बसले. वाकड्या पटाश्या, बोटभर रंधे, बरीचशी घरीच घडवलेली. भोपळ्याची कड जिथे लाकडी गळ्याला भेटते तो सांधा एक तरुण कारागीर नुसत्या पातळ पात्याने खरवडून जुळवत होता. मध्येच पातं दगडावर दोनदा फिरवायचा, न बघता. माझ्याशी बोलता बोलता त्याने ते किती वेळा केलं हे त्याच्याही लक्षात आलं नसेल.

पॅटर्न शॉप्स आता बंद होत चालली आहेत. पॅटर्न कॉम्प्युटरवर कापले जातात, रेझिनमध्ये, ॲल्युमिनियममध्ये. जुने लाकडी पॅटर्न किलोवर विकायला निघतात आणि त्यातलं बरंच जळणात जातं. काकांना ओळखीचा कोणी फोन करतो, मग आम्ही टेम्पो घेऊन जातो. पंपाच्या अर्ध्या कवचाचा, लाल-काळा रंग दिलेला सागवानी पॅटर्न उचलताना काका तो उलटा करून कोणाच्या हातचा आहे ते ओळखतात. काही ते फोडू देत नाहीत. ते त्यांच्या माळ्यावर गेले आहेत आणि त्यावरून काकूंशी खडाजंगी चालू आहे. बाकीचे फोडून जे लाकूड निघतं त्यातून मी आता देवघरं, चौरंग, पुस्तकांचे स्टँड करते, आणि ऑर्डरी पुऱ्या करताना दमछाक होते. माझ्यासारखे आणखी काही जण रविवारी काकांकडे यायला बघतात. काका एका वेळी एकालाच घेतात, कारण गॅलरीत दुसऱ्या पाटाला जागाच नाही.

या सगळ्यात करवत मात्र राहूनच गेली आहे. हल्ली मिळते ती दात कडक केलेली करवत, बोथट झाली की फेकून द्यायची. तिच्यावर कानस चालतच नाही. जुन्या करवतीचे दात कानशीने काढायचे आणि एकाआड एक डावी-उजवीकडे फाकवायचे, हे काम करणारे पूर्वी दारोदार यायचे म्हणे. काका स्वतःच्या करवती कोल्हापूरहून लावून आणायचे, तो माणूस गेला. मिरजेच्या त्या कारागिराने इचलकरंजीतल्या एकाचा पत्ता दिला आहे, जुन्या गिरणीतल्या मेंटेनन्स सुताराचा. फोन लावला तर त्यांच्या सुनेने उचलला, म्हणाली, मामांना ऐकू कमी येतं, करवती घेऊनच या, आणि तिकोनी कानस तुमची तुम्ही आणा, इथे बारीक मिळत नाही. बोहरी आळीतून तीन आकारांच्या आणल्या आहेत. ऑर्डरचं एक देवघर द्यायचं बाकी आहे, ते पोचलं की शनिवारची गाडी धरेन.